स्विचची पूजा

लॉजच्या ऑफिसात माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीला एक लोखंडी कपाट ठोकलेलं आहे. त्यात चोवीस भोकांची एक चपटी पेटी बसवली आहे. तिला स्विच म्हणतात. दिवा लावायच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. लाइनवाल्याच्या डब्यातून इंटरनेटची एक तार या पेटीत येते आणि इथून पुढे वाटली जाते: यात्रेकरूंच्या मजल्यांवर, जिन्यातल्या कॅमेऱ्यांकडे आणि मागे आमच्या घरात. प्रत्येक भोकापाशी एक बारका हिरवा दिवा आहे. तो लुकलुकत असला की ती तार चालू आहे असं समजायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. पण लॉज मी चालवते, नवरा असतानाही मीच चालवत होते, आणि माझ्या ऑफिसात कोणी काही बसवलं तर ते काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तारवाला ही पेटी बसवायला आला त्या दिवशी मी स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसले. परक्या माणसाला गल्ल्याच्या खोलीत एकटं सोडायची माझी पद्धत नाही. तो इंदूरचा होता. मी विचारत गेले, तो सांगत गेला.

ही पेटी आली ती एका कुस्तीमुळे. आधी आमच्याकडे साधी, स्वस्तातली पेटी होती. सगळ्यांचं इंटरनेट एकच. एका संध्याकाळी मी घरात वरण ढवळत होते. समोर टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. एकाएकी बातम्या गेल्या आणि दोन पैलवान एकमेकांना आपटायला लागले. रिमोट माझ्या हातात, तरी कुस्ती हटेना. शेवटी कळलं, दुसऱ्या मजल्यावर उतरलेल्या कोणा यात्रेकरूने आपल्या मोबाइलवरची कुस्ती मोठ्या पडद्यावर बघावी म्हणून यादीत दिसला तो टीव्ही निवडला होता. तो टीव्ही माझा होता. त्या माणसाची चूक नव्हती. माझ्या घराला दरवाजाच नव्हता, तारेतून कोणीही आत यावं.

मी तारवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, "भैया, यात्री मेरे घर में दरवाजे से नहीं आते, तो तार से भी नहीं आने चाहिए."

"माताजी, उसके लिए महँगा वाला स्विच लगेगा."

"लगाओ."

मग त्याने ही पेटी बसवली आणि तिच्या आत तीन कमरे पाडले. भिंत दिसत नाही, पण आहे. घराचा कमरा वेगळा, यात्रेकरूंचा वेगळा, कॅमेऱ्यांचा वेगळा. तो त्याला व्हीलॅन म्हणतो. त्याने मला असं समजावलं: पेटीतून लाइनवाल्याच्या डब्याकडे जे जे जातं, त्यावर एक चिठ्ठी लागते, अमुक नंबरच्या कमऱ्यातून आलं. डबा चिठ्ठी वाचतो आणि उत्तर त्याच कमऱ्यात परत पाठवतो. चिठ्ठी नसलेल्याला तो ओळख देत नाही. मला हे लगेच पटलं. माझ्या लॉजचं रजिस्टरही तसंच चालतं.

नंबर देताना त्याने यात्रेकरूंना दहा द्यायला घेतलं, कारण तो सगळीकडे तसंच करतो. मी म्हटलं, नाही, आधी घर. घराला दहा, यात्रेकरूंना वीस, कॅमेऱ्यांना तीस. वरच्या ओळीत कॅमेरे, खालच्या ओळीत मजले आणि उजवीकडची शेवटची भोकं घराची. सगळ्यात शेवटच्या भोकात डब्याची तार. त्याने हसून तसं केलं.

जाताना पेटीच्या तोंडावरचं एक बारीक छिद्र दाखवून म्हणाला, "इसमें सुई-वुई कभी मत डालना, माताजी. अंदर रीसेट का बटन है. दबाकर रखा तो सब साफ."

मी कशाला सुई घालू? मी मान हलवली आणि कपाट बंद केलं.

आता सुनेचं सांगते. माझी सून पुण्याच्या एका कंपनीत काम करते. परदेशातल्या दवाखान्यांचे कंप्युटर अडले की ती इथे, उज्जैनला, आमच्या वरच्या खोलीत बसून सोडवते. मुलगा बँकेत आहे, बदलीवर जबलपूरला, सुट्टी मिळाली की येतो. सुनेने लग्नाआधी पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून दिवस काढलेत, तिला परत तिकडे जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती. प्रेमाचं बाजूला ठेवा, ती गेली असती तर मोबाइलवर येणारं बुकिंग कोणी बघितलं असतं? शिवाय जेवताना तिच्याशी बोलायची मला सवय झाली होती.

तिच्या कंपनीत नवा साहेब आला. त्याचं मत असं की घरून काम म्हणजे अर्धं काम. त्याने सगळ्यांना पुण्याला बोलवायचं ठरवलं. सून त्याच्याशी भांडली. म्हणाली, एकदा बघा तरी. दसऱ्याला पुण्यातल्या सगळ्यांना सुट्टी हवी होती आणि परदेशातल्या दवाखान्यांना दसऱ्याचं काय? ही म्हणाली, त्या दिवसाची कामाची पूर्ण पाळी मी एकटी सांभाळते, उज्जैनहून. साहेब म्हणाला, ठीक. सगळं नीट झालं तर तिथेच रहा. तुझ्या लाइनमुळे एक जरी फोन अडला तर दिवाळी झाली की सामान बांधून पुण्याला ये.

पाळी दुपारी दीड वाजता सुरू होणार होती.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. पूर्वी विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन आणि सायकल एवढंच असायचं. आता घरात यंत्रं वाढली आणि माझ्या धाकट्या दिरांचा उत्साहही वाढला. ते मागच्या खोलीत राहतात, रेल्वेतून रिटायर झालेत. दसऱ्याला सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, ताम्हन घेऊन निघतात ते घरातल्या प्रत्येक वस्तूला गंध लावूनच थांबतात. स्कूटर, पाण्याची मोटर, गिझर, मिक्सर, इस्त्री. छताच्या पंख्याला गंध लावायला स्टुलावर चढतात. त्या दिवशी मी चक्का घोटत होते आणि मधेच देवास गेटच्या बसस्टँडवरून ऑटो भरून आलेल्या एका मंडळाशी खोल्यांवरून हुज्जत घालत होते. ऑफिसातली पूजा त्यांनी एकट्याने उरकली.

साडेअकराच्या सुमाराला मी ऑफिसात येऊन बसले. समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्यांचे चौकोन असतात: जिना, दरवाजा, गल्ली. सगळे चौकोन काळे.

मागे वळून कपाट उघडलं. आतून मोगऱ्याचा वास आला. पेटीवर झेंडूचा हार, तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक, वर अक्षता. आणि त्या बारीक छिद्रात उदबत्तीची काडी ताठ खोचलेली. उदबत्ती जळून गेली होती, राख खाली पडली होती. हिरवे दिवे लुकलुकत नव्हते, सगळे एकदम लागत होते आणि एकदम विझत होते.

मी हाक मारली. दीर ताम्हन घेऊनच आले.

"भाऊजी, ही काडी कुठे खोचलीत?"

"कुठे म्हणजे? बरोबर जागा आहे तिला. बघा ना वहिनी, तुमच्या पितळी उदबत्तीदाणीपेक्षा ताठ बसली आहे."

"दाबलीत?"

"पडू नये म्हणून दाबली थोडी. आत टिक् झालं, मग पक्की बसली."

मी काडी उपटली. दिवे सगळे विझले, मग एकेक करून परत लागले, शांतपणे, जणू काही झालंच नाही. पडद्यावरचे चौकोन मात्र काळेच राहिले.

"लागले की दिवे!" दीर म्हणाले.

"दिवे लागले. आतलं सगळं पुसलं गेलं."

"उदबत्तीने?"

"उदबत्तीने."

मी वर सुनेला फोन लावला. ती जिना धडधडत खाली आली. पेटी बघितली, दिरांकडे बघितलं, आणि घड्याळाकडे बघितलं. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. मी म्हटलं, रंग नंतर उडव, आधी सांग काय काय करून बघायचं.

"मोबाइलवरून चालणार नाही, आई. कंपनीचं दार फक्त आपल्या लाइनच्या नंबराला उघडतं. दुसऱ्या कुठल्याही लाइनने गेलं तर आत घेत नाही."

"मग हिचा लॅपटॉप लाइनवाल्याच्या डब्यालाच लावा," दीर म्हणाले. "ही पेटी हवीच कशाला मधे?"

सुनेने तेही करून बघितलं. काही आलं नाही. येणार नव्हतंच. डब्याला चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी लावायचं काम पेटीचं. आता पेटी स्वतःच सगळं विसरून बसली होती.

तारवाल्याला फोन केला. तो सासुरवाडीला देवासला होता. मागून कढईचा आवाज येत होता.

"माताजी, आज तो त्योहार है."

"मेरे यहाँ भी है, भैया. तुम्हारे स्विच की पूजा हो गई."

"अच्छी बात है."

"उसके छेद में अगरबत्ती लगा दी."

तिकडे तो हसायला लागला. हसता हसता त्याने बायकोला बोलावलं आणि तिला सांगितलं, मग तीही हसली. मी फोन कानाला लावून वाट बघितली.

"हो गया हँसना? अब बताओ."

"माताजी, कल सुबह पहली बस से आ जाऊँगा. पक्का."

"कल नहीं. बहू की नौकरी आज है. दीड बजे."

मी गडबडीत मराठीतलं दीड म्हटलं, पण त्याला कळलं. त्याने हसणं थांबवलं. म्हणाला, आज रस्त्यात जुलूस आहेत, निघालो तरी वेळेत पोचणार नाही. फोनवर सांगतो, करणार का? सून म्हणाली, करणार.

इथे दीर आडवे आले. आमच्याकडे रीत अशी की पूजेला मांडलेल्या यंत्राला त्या दिवशी विसावा द्यायचा. शिवणाचं मशीन मी कधी दसऱ्याला चालवलं नाही, पोरांनी कधी पाटी-पुस्तक उचललं नाही. ही रीत मी मोडत नाही.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत या पेटीला हात लावता येणार नाही. पूजा झालीय तिची."

"तुम्ही ज्या पंख्याखाली उभे आहात त्याचीही झालीय."

"पंख्याची गोष्ट वेगळी. उकडतंय."

"मग उत्तरपूजा करा. उत्तरपूजा झाली की काम घ्यायला हरकत नाही ना?"

त्यांनी विचार केला. हरकत नव्हती. गणपती काय किंवा सत्यनारायण काय, अक्षता वाहून जागचं जरा हलवलं की पूजा संपते, हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक. "पण सकाळच्या सकाळी?" ते पुटपुटले.

"म्हणा मंत्र, भाऊजी. दीडला तिचं काम सुरू होतंय."

त्यांनी मंत्र म्हटला, अक्षता टाकल्या, पेटी किंचित हलवली. मी हार काढून खुंटीला लावला आणि फडक्याने स्वस्तिक पुसलं, कारण त्याखाली भोकांचे नंबर होते. दीर खुर्चीवर बसून बघत राहिले.

सुनेच्या लॅपटॉपवर कंपनीचं कुलूप आहे, त्यात तिला स्वतःला काही बदलता येत नाही. म्हणून लॉजचा जुना कंप्युटर घेतला. तो मंद आहे, पण आपला आहे. त्याची तार पेटीच्या पहिल्या भोकात घातली, तिथला जिन्यातला एक कॅमेरा तेवढा सोडवला. फोन स्पीकरवर ठेवला. तारवाला सांगायचा, सून करायची आणि मी पेटीच्या बाजूला उभी.

पहिली अडचण अशी की विसरलेल्या पेटीचा पत्ता बदलतो. ती कारखान्यातून निघाली तेव्हाच्या पत्त्यावर परत जाते. कंप्युटरलाही त्याच गल्लीतला पत्ता हाताने द्यावा लागतो, नाहीतर दोघं एकमेकांना दिसत नाहीत. तो दिला. मग पेटीने पासवर्ड मागितला. तोही कारखान्याचाच, पेटीच्या पोटाला चिकटवलेला. मी पेटीचे स्क्रू सैल करून ती तिरकी धरली, सून खाली वाकून एकेक अक्षर वाचू लागली. आत गेल्यावर पेटी म्हणाली, नवा पासवर्ड ठेवा. तो मी ठेवला. तो इथे लिहिणार नाही.

"अब तीन व्हीलॅन बनाइए," तारवाला म्हणाला. "माताजी, आपके यहाँ नंबर क्या रखे थे? मैंने इतने लगाए हैं, याद नहीं."

"घर दस, यात्री बीस, कैमरा तीस."

"यात्री दस नहीं?"

"मेरे यहाँ घर पहले."

"हाँ हाँ," तो म्हणाला, "आप वही हैं, कुश्ती वाली."

मग पडद्यावर चोवीस घरांचा एक तक्ता आला. प्रत्येक भोकाला कुठला कमरा ते सांगायचं. मी पेटीकडे बघून बोलत गेले, ती भरत गेली. हे कॅमेरे, हा पहिला मजला, हा दुसरा, ही गच्ची, ही आपली वरची खोली. कोण कुठे राहणार हे ठरवणं माझं रोजचं काम आहे, त्यात मला विचार करावा लागत नाही. शेवटच्या भोकाला तिन्ही कमरे, चिठ्ठीसकट. बाकीच्यांना चिठ्ठी काढून, कारण कॅमेऱ्याला आणि लॅपटॉपला चिठ्ठी वाचता येत नाही.

सून वर पळाली, बघून खाली आली. "नाही आलं, आई."

"भैया, नहीं आया."

"पीवीआईडी किया?"

"वो तुमने बताया ही नहीं," सून म्हणाली.

"अरे, गरम भजिया हाथ में थमा दिया इन लोगों ने," तो म्हणाला. म्हणजे तो खातही होता. झालं होतं असं, की पेटीतून लॅपटॉपकडे जाणाऱ्याची चिठ्ठी काढायची हे आम्ही सांगितलं होतं. लॅपटॉपकडून पेटीत येणाऱ्याला कुठली चिठ्ठी लावायची हे वेगळ्या पानावर सांगावं लागतं, तेच त्याचं पीवीआईडी. न सांगितलं तर पेटी आपल्या मनाने एक नंबर लावते, आणि एक नंबरचा कमरा आमच्याकडे नाहीच. ते पान उघडलं. परत चोवीस भोकं. परत मी बोलले, तिने भरलं.

पडद्यावर जिना दिसला. मग गल्ली. मग दरवाजा आणि दरवाज्यात चपला काढणारं ते सकाळचं मंडळ. वरून यात्रेकरूंपैकी कोणीतरी ओरडलं, "आ गया वाईफाई!" सून पहिल्यांदा हसली.

आणि बत्ती गेली.

दसऱ्याला जुलूस निघतात, देखाव्याची उंच झाकी कुठेतरी तारेला लागते, बत्ती जाते. गेली आणि पाच मिनिटांत आली. एरवी आम्हाला कळतही नाही, इन्व्हर्टर आहे. पण पेटी विझली होती. पंखाही थांबला होता.

"भाऊजी, इन्व्हर्टर?"

"तो मी सकाळीच बंद केला," दीर म्हणाले. "पूजा झाली ना त्याची. त्याची उत्तरपूजा कुठे सांगितली तुम्ही?"

बत्ती आल्यावर पेटी परत लागली. कॅमेऱ्याचे चौकोन काळेच. सुनेने पेटीचं पान उघडलं. तक्ता रिकामा होता.

"सेव्ह नहीं किया था क्या?" फोनमधून आवाज आला.

"किया था. हर पन्ने पर दबाया," सून म्हणाली.

"वो अप्लाई होता है, दीदी. सेव्ह अलग है. ऊपर कोने में. वो नहीं दबाया तो बत्ती गई कि सब गया."

सून खुर्चीवर मागे टेकली. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, "राहू दे, आई. पुण्यालाच जाते. साहेबाला आत्ताच कळवते, म्हणजे दुसरं कोणी तरी बसवेल तो. तिकडे दवाखाने आहेत, कोणाचं तरी अडेल."

हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. साडेबारा वाजून गेले होते. मी एवढंच विचारलं, "मघाशी किती वेळ लागला?"

"खूप."

"त्यातला अर्धा त्याच्या भज्यांत गेला आणि पाव पासवर्ड वाचण्यात. या वेळी पासवर्ड ठाऊक आहे, पानं ठाऊक आहेत. कळवायचं तर एक वाजता कळव. तोवर कर."

"आणि परत बत्ती गेली तर?"

"भाऊजी, इन्व्हर्टर."

दीर उठले. कुरकुरत का होईना, त्यांनी इन्व्हर्टरची उत्तरपूजा केली. मंत्र या वेळी बराच भरभर झाला. बटण दाबलं, इन्व्हर्टरचा दिवा लागला, पंखा फिरला.

दुसऱ्या वेळी बोलणं झालंच नाही. पेटी परत कारखान्याच्या पासवर्डवर गेली होती, पण तो आता सुनेला पाठ होता. नवा मी परत तोच ठेवला. दहा, वीस, तीस. तक्ता. चिठ्ठी काढणारं पान, चिठ्ठी लावणारं पान. मी भोकाचा नंबर म्हणायची, ती बोट दाबायची. प्रत्येक पानावर थांबून मी विचारायची, "सेव्ह?" ती म्हणायची, "शेवटी, आई." मी तरी विचारत राहिले. तारवाला फोनवर होता, पण त्याला विचारायला काही उरलं नव्हतं, तो मधून मधून "हाँ, हाँ" म्हणत होता. शेवटी तिने वरच्या कोपऱ्यातलं सेव्ह दाबलं. नक्की ठेवायचं का, असं पेटीने विचारलं. हो.

"अब एक काम करो," तारवाला म्हणाला. "स्विच का प्लग निकाल के वापस लगाओ."

"का?" सून एकदम मराठीत ओरडली. "आत्ता कुठे चालू झालंय!"

"क्योंकि अभी गया तो अभी पता चलेगा. ड्यूटी में गया तो?"

तिचा हात पुढे होईना. मी प्लग काढला. मोजून दहा श्वास थांबले. परत लावला. दिवे लागले, लुकलुकायला लागले, एकेक, आपापल्या तालात. जिना. गल्ली. दरवाजा.

ती वर गेली. मी जिन्याखाली उभी राहिले. वरून हाक येईना. मग तिने दरवाजातून डोकं बाहेर काढलं, कानात ते हेडफोन आधीच घातलेले, आणि नुसता अंगठा दाखवला. दीड वाजायला थोडी मिनिटं होती. मी ऑफिसात येऊन फोनवर तारवाल्याला सांगितलं, हो गया. तो म्हणाला, माताजी, अब भजिया खा लूँ? मी म्हटलं, खा. आणि उद्या पहिल्या बसने ये, या छिद्रावर काहीतरी झाकण बसव. पैसे घे.

दुपारभर मी कपाटासमोरून हलले नाही. जेवणाचं ताट तिथेच मागवलं. श्रीखंड बरं झालं होतं, वेलची जरा जास्त. दीर दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी कपाटाला कुलूप घातलं.

"एवढा अविश्वास, वहिनी?"

"आजचा दिवस."

एकदा सुनेचा वरून फोन आला, मी आधी पडद्यावरचे चौकोन बघितले. पण तिला फक्त पाणी हवं होतं. कुठल्याशा दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी अडकल्या होत्या, ती उठू शकत नव्हती. मी पाण्याचा तांब्या आणि वाटीभर श्रीखंड घेऊन वर गेले. ती इंग्रजीत कोणाला तरी शांतपणे सांगत होती. मला शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. ज्या सुरात मी खोली न मिळालेल्या यात्रेकरूला सांगते की बसा, होईल, तोच. मी पाणी ठेवून खाली आले.

संध्याकाळी शेजारपाजारचे लोक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं घेऊन, पाया पडून, पेढा खाऊन गेले. रावण बघायला यात्रेकरूही बाहेर पडले, लॉज रिकामं झालं. तेव्हा सून चहाला खाली आली. तिला थोडी सुट्टी होती, पाळी अजून बाकी होती. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"साहेबाचा मेसेज."

"वाच. चष्मा नाही."

"एकही फोन अडला नाही, असं म्हणतोय. उज्जैनलाच रहा म्हणतोय."

"मग तोंड का असं?"

"पुढे लिहिलंय." तिने वाचून दाखवलं. सणावारी पुण्यात माणसं मिळत नाहीत, उज्जैनची लाइन सणालाही चांगली चालते असं दिसतंय, तेव्हा यापुढे सणांच्या पाळ्या तुझ्याकडे. सुरुवात लक्ष्मीपूजनापासून.

दीर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "लक्ष्मीपूजनाला घरची सून वर बसून परदेशी दवाखाने बघणार?"

"हो म्हणून कळवलंस?" मी तिला विचारलं.

"अजून नाही. तुम्हाला विचारायला आले."

मला काय विचारायचं होतं त्यात? तिला इथे राहायचं होतं, आणि इथे राहायची ही किंमत होती. पुण्याला गेली असती तर लक्ष्मीपूजनाला तशीही नसतीच.

"कळव हो म्हणून," मी म्हटलं. "काम संपलं की खाली ये, तेव्हा पूजा करू."

"मुहूर्त टळेल, वहिनी!"

"पंचांग बघा, भाऊजी. रात्रीचाही एखादा असेल. नसला तर नसला."

"आणि फराळ?" सून म्हणाली. "चकल्या, अनारसे... मी नसले तर तुम्ही एकट्या..."

"मी एकटी करणार नाही. नवऱ्याला सांग जबलपूरहून चार दिवस आधी यायला. चकल्या तो पाडेल. अनारसे या वर्षी होणार नाहीत."

तिने तिथेच उभ्या उभ्या दोन बोटांनी साहेबाला उत्तर टाइप केलं, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप विसळून वर गेली. दीरांनी पंचांग काढलं.